मधल्या स्पीकरचा पक्ष

मराठी साहित्याच्या वर्गात ‘ध्वनी’ हा शब्द उच्चारला की नवव्या शतकातील आनंदवर्धन उभा राहतो. वाच्यार्थ, लक्ष्यार्थ, व्यंग्यार्थ अशी उतरंड फळ्यावर रचली जाते आणि विद्यार्थी ती निमूटपणे वहीत उतरवून घेतात. या साऱ्या व्यवहारात प्रत्यक्ष ध्वनी, म्हणजे कानावर पडणारा आणि पडता पडता विरून जाणारा आवाज, कोणाच्या गावीही नसतो. कविता छापील, नाटक छापील, बोलीचा नमुनाही छापील. जे कानासाठी जन्मले ते डोळ्यांनी उरकायचे, अशी आपल्या अध्यापनाची रीत पडली आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता साहित्याबाहेरचा वाटेल. घरात, वाचनालयात किंवा महाविद्यालयाच्या एखाद्या खोलीत दोन स्पीकरांचा जुना स्टिरिओ संच आहे. हाताशी पैसे बेताचे आहेत. तो संच वाढवण्यासाठी परवडणारा होम थिएटर रिसीव्हर घ्यायचा आहे. तो कसा निवडावा? हा प्रश्न साहित्याच्या माणसांनी आजवर दुकानदारावर, भाच्यावर किंवा ‘त्यातले कळणाऱ्या’ एखाद्या सहकाऱ्यावर सोपवला. आमचे म्हणणे असे की तो प्रश्न मुळात आपला आहे आणि त्याचे उत्तर देण्याची कसोटीही आपल्याचजवळ आहे. ती कसोटी एकच: खोलीत बसलेल्या प्रत्येकाला शब्द कळतो का?

रिसीव्हर म्हणजे काय, हे आधी सांगून टाकू. टीव्ही, संगणक, डिस्क, रेडिओ यांचे आवाज ज्या पेटीत येतात, त्यांतला एक जिथे निवडला जातो, त्याची पाच किंवा अधिक वाहिन्यांत वाटणी होते आणि प्रत्येक वाहिनीला स्वतःचा ॲम्प्लिफायर मिळतो, ती ही पेटी. ‘५.१’ या आकड्याचा अर्थही एवढाच की पुढे डावा, मधला आणि उजवा असे तीन स्पीकर, बाजूला किंवा मागे दोन, आणि खर्जाच्या परिणामांसाठी एक स्वतंत्र वाहिनी. या सहांपैकी साहित्याचा मुख्य संबंध एकाशी आहे, तो मधल्याशी. चित्रपटातले बहुतेक संवाद त्याच्यातून येतात. आम्ही त्याचीच वकिली करणार आहोत.

उदाहरणासाठी आम्ही मुद्दाम चिचगड घेतो. गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातले, छत्तीसगडच्या सीमेकडच्या जंगलपट्ट्यातले हे गाव. १९९९ मध्ये भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा झाला, तरी प्रदेशाची ओळख जुनीच राहिली: झाडीपट्टी. पुण्यामुंबईच्या साहित्यव्यवहाराच्या नकाशावर असे गाव क्वचितच उमटते, आणि नेमके म्हणूनच ते या वादाला योग्य आहे. मोठ्या शहरातल्या मराठी विभागाला सभागृह मिळेल, ध्वनिव्यवस्था भाड्याने मिळेल, लेखक प्रत्यक्ष येऊन वाचेल. चिचगडसारख्या गावातल्या शिक्षकापाशी मात्र मराठीचा आवाज वर्गात आणण्याचे साधन ध्वनिमुद्रण हेच असणार. त्याच्यासाठी पैसा योग्य वस्तूवर खर्च होणे ही चैनीची नव्हे, अध्यापनाची बाब आहे.

शिवाय झाडीपट्टी हा कानाचा प्रदेश आहे. धानाची कापणी आटोपली, दिवाळी झाली की इथे नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे नाटकमंडळ्यांचे केंद्र. तिथून निघालेल्या मंडळ्या गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या गावोगावी रात्रभर प्रयोग करतात. दंडार तर त्याहून जुनी. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा अनेक नागर समीक्षकांना ती आहे हे प्रथम कळले असावे. रंगमंचावर टांगलेले माईक, बाजूला बसलेले वादक, समोर जमिनीवर दाटीने बसलेले गाव. अशा प्रयोगात शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला संवाद कळला नाही तर तो उठून जातो. प्रेक्षकांची ही मागणी सैद्धान्तिकदृष्ट्याही प्रतिष्ठित आहे. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद असे मध्यम नाट्यगृह उत्तम मानले आहे, आणि त्याचे कारण दिले आहे ते श्रवणाचे: याहून मोठ्या घरात पाठ्य अस्पष्ट होते. ‘थिएटर’ची मापे शब्दाच्या श्राव्यतेवरून ठरवावीत, हे भरताने सांगून ठेवले. आजच्या ‘होम थिएटर’च्या जाहिरातीत स्फोट, विमाने आणि पाऊस असतो, पाठ्याचे नाव नसते.

आता कोणी विचारील की शब्द तर कोणत्याही डब्यातून कळतो, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? तो गैरसमज आहे, आणि तो मराठीच्या उदाहरणानेच दूर करता येतो. पृथ्वी या अर्थाचा ‘जग’ आणि पाण्याचा ‘जग’ आपण सारखेच लिहितो, उच्चारतो मात्र वेगळे. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ एक नाही. दंतमूलीय आणि तालव्य यांतला हा भेद आपली लिपी दाखवत नाही. तो फक्त कान टिपतो. या भेदाचा भार ज्या घर्षणावर आहे ते घर्षण उंच कंप्रतांच्या पट्ट्यात राहते. स्वर जाड आणि जोरकस असतात, व्यंजने बारीक आणि क्षणिक. आणि अर्थ बव्हंशी व्यंजनांवर तोललेला असतो. खराब संचात पहिल्यांदा मरतात ती व्यंजने. आवाज मोठा येतो, माणूस बोलतो आहे हे कळते, काय बोलतो आहे ते निसटते. झाडीबोलीसारख्या बोलीचा अभ्यास करायचा, ‘ण’च्या जागी ‘न’ कुठे येतो, शब्दाच्या शेवटी सूर कसा ओढला जातो हे दाखवायचे, तर ही निसटती व्यंजने धरून ठेवणारा संच हेच आपले भिंग आहे.

याला सामग्रीही आता उपलब्ध आहे. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या काळातच बोलींच्या ग्रामोफोन तबकड्या तयार झाल्या होत्या. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठीच्या बोलींचे ध्वनिरूप दस्तऐवजीकरण केले आहे. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेले गदिमा-फडके यांचे छप्पन गीतांचे गीतरामायण, पु. ल. देशपांड्यांचे कथाकथन, पु. ल. आणि सुनीताबाईंनी केलेले मर्ढेकर-बोरकरांचे काव्यवाचन, हे सारे मराठी वाङ्मयाचे ऐकीव दालन आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण ताम्रपट, शिलालेख आणि पोथ्या यांचे दाखले दिले. ते योग्यच होते. पण अभिजात भाषेच्या वर्गात तिचा आवाज ऐकू येत नसेल तर दर्जा घेऊन करायचे काय?

या ठिकाणी दोन पक्ष आमच्या विरोधात उभे राहतात. पहिला शुद्धतावाद्यांचा. त्यांचे म्हणणे असे की चांगले दोन स्पीकर पुरेसे. मधोमध बसलेल्याला गायकाचा आवाज दोहोंच्या मध्ये, रिकाम्या जागेतून आल्यासारखा भासतो. तिसरा स्पीकर हा बाजाराचा चाळा आहे. हा पक्ष आदरणीय आहे, आणि एकट्या श्रोत्याच्या बाबतीत बराचसा खराही आहे. इंग्लंडमध्ये ॲलन ब्लुमलाइन याने १९३१ मध्ये स्टिरिओचे जे पेटंट मागितले त्याने संगीतश्रवणाचा एक संपूर्ण युगधर्म घडवला, हे कोण नाकारील? पण त्या युगधर्मात आसन एकच आहे. श्रोता मधल्या रेषेवरून थोडा डावीकडे सरकला की जवळच्या स्पीकरचा आवाज आधी आणि अधिक जोराने पोचतो, आणि कान त्यालाच उगम मानतो. मधला भास डावीकडे कोसळतो. वर्गात तीस विद्यार्थी असतील तर त्या रेषेवर दोन-तीनच बसणार. उरलेल्यांना स्टिरिओच्या नावाखाली एकच स्पीकर ऐकू येतो.

इतकेच नव्हे. मधोमध बसलेल्याचाही तोटा होतो. दोन्ही स्पीकरांतून तोच शब्द निघतो तेव्हा प्रत्येक कानाला जवळच्या स्पीकरचा आवाज आधी आणि दूरच्याचा किंचित उशिरा मिळतो. त्या अंतराने सुमारे २००० हर्ट्झच्या आसपास आवाजात खळगा पडतो. उच्चारांच्या स्पष्टतेसाठी जो पट्टा महत्त्वाचा, नेमका त्याच पट्ट्यात. म्हणून मधला स्पीकर हे आजचे फॅड नाही. २७ एप्रिल १९३३ रोजी बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद वॉशिंग्टनच्या सभागृहात दूरध्वनीच्या तारांवरून ऐकवला, तो डावी, मधली आणि उजवी अशा तीन वाहिन्यांतून. पुष्कळ माणसांनी एकत्र ऐकायचे असेल तर मध्यभागी खरा स्पीकर हवा, हे स्टिरिओच्या बाल्यावस्थेतच ओळखले गेले होते. दोन वाहिन्या घराघरांत रूढ झाल्या त्याला तबकडीची अडचण कारण होती: एका खाचेच्या दोन भिंतींवर दोनच वाहिन्या सोयीने कोरता येतात. माध्यमाच्या या मर्यादेला सौंदर्यशास्त्र मानण्याचे आपल्याला कारण नाही.

दुसरा पक्ष बाजाराचा, आणि तो आदरणीय मुळीच नाही. त्याची भाषा वॅटची आहे. डब्यावर हजारांचे आकडे आणि शेजारी ‘पीएमपीओ’ ही अक्षरे असतील तर तो आकडा वाचूच नये. त्याच्यामागे मान्य असे कोणतेही मापन नाही. प्रतिष्ठित कंपन्यांचे आकडेही छोट्या अक्षरांसह वाचावे लागतात. मोठ्या अक्षरांत छापलेली शक्ती अनेकदा एकच वाहिनी चालू असताना, एकाच कंप्रतेवर आणि दहा टक्के विरूपण गृहीत धरून मोजलेली असते. आपण शोधायचा तो आकडा वेगळा: आठ ओहमच्या भारावर, २० ते २०,००० हर्ट्झच्या संपूर्ण पट्ट्यात, दोन वाहिन्या चालू असताना, नगण्य विरूपणासह मिळणारी सलग शक्ती. अमेरिकेत ॲम्प्लिफायरच्या जाहिरातींसाठी १९७४ मध्ये सरकारला नियम करावा लागला, यावरून हा रोग किती जुना आहे ते कळते. आणि कानाचा हिशेब असा की शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो. दुप्पट मोठा भासायला सुमारे दहापट शक्ती लागते. पन्नास वॅटच्या जागी सत्तर घेण्यासाठी जादा पैसे मोजणारा प्रत्यक्षात जेमतेम दीड डेसिबल विकत घेतो. साहित्याच्या माणसाने अतिशयोक्ती अलंकार म्हणून शिकवावा, पावती करून घरी आणू नये.

मग घ्यावे काय? आमचे उत्तर तपशिलात देतो, कारण तपशील टाळणारा वाद हा वाद नसतो.

जुने दोन स्पीकर चांगले असतील तर ते टाकू नयेत. ‘डब्यातले होम थिएटर’, म्हणजे मुठीएवढे पाच स्पीकर आणि एक धडधडणारा वूफर, हा जुन्या चांगल्या जोडीपेक्षा जवळजवळ नेहमीच उतरता पर्याय असतो. साध्या पाच वाहिन्यांचा, नाव असलेल्या कंपनीचा, पहिल्या पायरीचा रिसीव्हर घ्यावा. जुने स्पीकर डावे-उजवे म्हणून जोडावेत. आणि पहिली भर म्हणून फक्त मधला स्पीकर आणावा. मागचे दोन आणि वूफर ‘नाहीत’ असे रिसीव्हरला सांगता येते; त्यांच्या वाट्याचा आवाज मग तो पुढच्या स्पीकरांत मिसळतो. वूफरची घाई तर नकोच. तो साधारणपणे ८० हर्ट्झच्या खालचा खर्ज वाजवतो, आणि पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूरही बहुधा त्याच्या वरच असतो. शब्दाला त्याचा उपयोग नाही.

मधला स्पीकर शक्यतो जुन्या जोडीच्याच घराण्याचा असावा. पात्र डावीकडून उजवीकडे चालत जाताना त्याचा गळा बदलता कामा नये. जुनी जोडी आता बनत नसेल तर दुकानात पोकळ भव्यतेचा न निवडता मानवी आवाज सर्वांत सरळ सांगणारा निवडावा. तो बसलेल्यांच्या कानांच्या उंचीकडे रोखलेला असावा. टीव्हीखालच्या कपाटात कोंबलेला नसावा. रिसीव्हरमध्ये मधल्या वाहिनीची पातळी स्वतंत्रपणे वाढवण्याची सोय असते, ती वापरावी. सोबत मोजणीचा छोटा माईक मिळत असेल तर तो प्रत्येक स्पीकरचे अंतर आणि पातळी स्वतः जुळवतो. परवडणाऱ्या संचातली ही सर्वांत मोलाची सोय आहे.

जुन्या मुद्रणांच्या बाबतीत एक आनंदाची गोष्ट सांगायची राहिली. गीतरामायणासारखे मूळचे एकवाहिनी मुद्रण दोन स्पीकरांतून वाजते तेव्हा त्याची दोन भुते होतात. रिसीव्हरमधील डॉल्बी प्रो लॉजिक आणि त्याच्या नंतरच्या पद्धती दोन्ही वाहिन्यांत समान असलेला आवाज ओळखतात आणि तो मधल्या स्पीकरकडे वळवतात. एक माणूस बोलला होता, तो एका जागेवरूनच पुन्हा बोलू लागतो. संगीत ऐकायचे असेल तेव्हा एक कळ दाबून दोन वाहिन्यांवर परत जाता येते. शुद्धतावाद्यांनाही तक्रारीला जागा राहत नाही.

आता काही सावधानता. जुन्या स्पीकरच्या पाठीवर किती ओहम लिहिले आहे ते पाहावे. स्वस्त रिसीव्हर सहाखालच्या भाराला अनेकदा नाराज असतात. जुना ॲम्प्लिफायरही वापरात ठेवायचा असेल तर रिसीव्हरवर डाव्या-उजव्या वाहिनीचे ‘प्री-आउट’ लागतात, आणि पहिल्या पायरीच्या संचांत बहुधा ते फक्त वूफरपुरतेच असतात. केवळ त्यासाठी वरचा संच घेण्यापेक्षा जुन्या ॲम्प्लिफायरला विश्रांती द्यावी. एकाच स्पीकरला दोन ॲम्प्लिफायर एकाच वेळी कधीही जोडू नयेत. दोन्ही जळण्याची तयारी असेल तरच तो प्रयोग करावा. तबकडीवादक असेल तर ‘फोनो’ अशी स्वतंत्र जागा आहे का ते पाहावे. नसल्यास छोटा फोनो प्रीॲम्प वेगळा लागतो. परदेशातील आप्ताने अमेरिकेहून आणलेला संच १२० व्होल्टचा असतो, आपली वीज २३० ची. विदर्भाच्या उन्हाळ्यात रिसीव्हरच्या डोक्यावर मोकळी जागा ठेवावी, वर कापड घालू नये, व्होल्टेज खालीवर होत असेल तर स्टॅबिलायझर लावावा. दुरुस्तीसाठी पेटी कोणत्या गावी न्यावी लागेल, हे पावती होण्यापूर्वी विचारावे. आठ-के चित्र, छतातून पडणारा आवाज यांसाठी पैसे देऊ नयेत. ऑप्टिकल जोडणी असलेला सुस्थितीतला जुना रिसीव्हरही आपल्या कामाला पुरतो. उरलेले पैसे मधल्या स्पीकरवर घालावेत. आणि सर्वांत स्वस्त सुधारणा म्हणजे उघड्या फरशीवर सतरंज्या, खिडक्यांना जाड पडदे; घुमणाऱ्या खोलीत कोणताही संच बोबडाच बोलणार.

आमच्यावर एक गंभीर आक्षेप येईल, तो टाळत नाही. जिथे ग्रंथालयात पुस्तके अपुरी आहेत तिथे स्पीकरांचे लाड कशाला? हा आक्षेप पुस्तक आणि आवाज यांना वैरी समजतो. पुस्तकांच्या निधीतून रिसीव्हर घ्या असे आम्ही म्हणत नाही. गावोगावी स्नेहसंमेलनांसाठी ध्वनिव्यवस्थेवर खर्च होतच असतो, घरोघरी मोठे टीव्ही येतच असतात. होणारा खर्च कोणत्या कसोटीवर व्हावा, एवढाच आमचा मुद्दा आहे. ‘मोबाइल आहे, कानात यंत्र घाला’ हे दुसरे उत्तर तर वर्गाचाच निकाल लावते. तीस विद्यार्थी तीस यंत्रांतून कविता ऐकतील तेव्हा प्रत्येकाला शब्द कळेलही. पण एका ओळीवर सगळी खोली एकदम स्तब्ध होते, ती गोष्ट घडणार नाही. आणि साउंडबार? एकट्या नव्या घराला तो चालेल. ज्याच्यापाशी चांगली जोडी आधीच आहे त्याला तो जुने मोडायला लावतो. आमचा विषय जुन्यात भर घालण्याचा आहे.

तेव्हा शिक्षकमित्रांनो, निवड करताना दुकानदाराने लावलेला स्फोटांचा चित्रपट बंद करायला सांगा. आपल्या भागातल्या एखाद्या वृद्धेच्या बोलण्याचे मुद्रण खिशात घेऊन जा. एका विद्यार्थ्याला मधल्या खुर्चीवर नव्हे, अगदी कडेच्या खुर्चीवर बसवा, हातात कागद द्या आणि त्याला श्रुतलेखन करायला सांगा. दोन-तीन संचांवर हेच करा. ज्या संचावर त्याच्या चुका सर्वांत कमी होतील तो घ्या. वॅट, दिवे आणि डब्याचा आकार दुकानातच राहू द्या. श्रुतलेखन तपासण्याचा अधिकार आपल्याला कोणी अभियंत्याने दिलेला नाही. तो आपला पूर्वापार आहे.